"चाळीस हजारांच्या शहराला नियोजक कशाला?" या फिरत्या मजकुराला उत्तर

गोव्यातल्या पालिकांच्या खर्चाचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. थोडक्यात असा: "मुंबई-पुण्याला नियोजन लागते. आपल्या 40 हजारांच्या शहरात सामुदायिक विकास नियोजक म्हणजे फुकटचा पगार. नगरसेवक घरटी ओळखतो. ओडीपी (शहराचा विकास आराखडा) आहेच. बाजारातल्या विक्रेत्यांची यादी बाजार निरीक्षक दोन दिवसांत करील. आणि पैसा आला की कामे आपोआप होतात."

नगरसेवक घरटी ओळखतो, हे मतदारयादीपुरते खरे आहे. भाड्याच्या एका खोलीत राहणारे चौघे बांधकाम कामगार, दुकानात राबणाऱ्या आणि मत अजून गावीच असलेल्या मुली त्या यादीत नसतात. कचरा मात्र त्यांचाही होतो, शौचालय त्यांनाही लागते. त्यांनी बोलायचे कुठे? पंचायत क्षेत्रात रविवारी ग्रामसभा भरते आणि सरपंचाला घाम फोडते. शहरात ग्रामसभा नाही. 74व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या 3 लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. 2011च्या जनगणनेत सबंध गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख, आणि 3 लाखांची एकही पालिका नाही. म्हणजे पणजी महापालिका आणि आणखी 13 पालिकांतल्या रहिवाशाला ग्रामसभा नाही आणि प्रभाग समितीचा सक्तीचा हक्कही नाही. शहर लहान असल्यामुळेच ही फट पडली आहे आणि ती भरणे हे नियोजकाचे पहिले काम.

ते कसे करायचे याचेही तंत्र आहे. सकाळी 11ची बैठक पालिका सभागृहात ठेवली की निवृत्त मंडळी आणि कंत्राटदार येतात. संध्याकाळी 7 नंतर वाड्यावरच, देवळाच्या मंडपात किंवा कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) अंगणात, वीस-पंचवीस जणांची ठेवली की बायका येतात. इतिवृत्तात कोण आले नाही तेही लिहावे, पुढची बैठक कुठे घ्यायची ते त्यावरून कळते.

ओडीपीचा मुद्दा चटकन संपतो. 1974च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होणारा हा आराखडा जमिनीचा वापर ठरवतो, बस. नकाशावर वस्तीचा रंग भरलेल्या तुकड्यात मुंडकारांची (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांची) दहा घरे आहेत आणि जमीन भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) नावे आहे, हे त्या रंगात दिसत नाही. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःचे घर बांधायला अनुदान हवे तर जमिनीच्या हक्काचा कागद लागतो. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी, असे समजून लोक अर्ज भरतात आणि तो परत येतो. म्हणून घरागणिक फाइल लावायची: एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सात-बारा) किंवा सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, घरपट्टी, वीजबिल. 1975च्या मुंडकार कायद्याखालचा अर्ज मामलेदाराकडे आधी मार्गी लावायचा. योजनेचा फॉर्म त्यानंतर.

आता बाजार. हा मुद्दा सविस्तर घ्यायला हवा, कारण सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो.

विक्रेत्यांची यादी म्हणजे नुसती शिरगणती नव्हे. 2014च्या पथविक्रेता कायद्यानुसार पाहणी दर पाच वर्षांनी व्हायची असते. ती पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, आणि हलवायचे झाले तर 30 दिवसांची नोटीस लागते. विक्री आराखड्यात लोकसंख्येच्या 2.5 टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे असते, म्हणजे 40 हजारांच्या शहरात 1,000. नगर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका.

म्हापशाचे उदाहरण घ्या. पाहणी मंगळवारी केली तर शुक्रवारच्या बाजाराला येणारी मयड्याची केळी, चोरिस (डुकराच्या मांसाची सॉसेजे), मातीची भांडी कागदावर येतच नाहीत. मे महिन्यातली पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) विक्री आणि चतुर्थीआधीचा माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार वेगळाच. तेव्हा रानातली फळे-फुले घेऊन बसणाऱ्या बायका एरवी बाजारात फिरकतही नाहीत. शिवाय कायद्याच्या व्याख्येत फिरता विक्रेताही बसतो, त्यामुळे पहाटे सायकलवर भोंगा वाजवत जाणारा पोदेर (पाववाला) आणि डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकणारी बाई यांनाही मोजावे लागते. पोदेराला विक्रेता म्हणावे हे बाजार निरीक्षकाच्या सहसा डोक्यातच येत नाही!

पद्धत अशी. पहिल्या फेरीत गाजावाजा न करता मोजणी: बाजाराचे पट्टे पाडून सकाळी 6, सकाळी 11 आणि संध्याकाळी 5 वाजता, एकाने मोजायचे, दुसऱ्याने फोटो घ्यायचे. जाहीर करून सुरुवात केलीत तर दुसऱ्या दिवशी रिकाम्या खोक्यांचे नवे 'विक्रेते' उगवतात. दुसऱ्या फेरीत नोंदणी: माल, बसण्याची जागा चौरस मीटरमध्ये, आठवड्यातले वार, किती वर्षे, सोपोच्या (बाजारात बसण्याच्या शुल्काच्या) पावत्या. जागेवर बसलेली व्यक्ती मालक की सून की रोजंदार, ते वेगळ्या रकान्यात. मग यादी बाजारातच लावून हरकतींसाठी किमान 15 दिवस ठेवायची. पावती न घेता सोपो देत आलेल्या बाईकडे पुरावा नसतो, तिथे शेजारच्या दोन विक्रेत्यांची सही घेऊन ठेवावी. जुन्या पावत्यांना आणखी एका कारणाने मोल आहे. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक (परंपरेने भरत आलेल्या) बाजारांना वारसा बाजार म्हणून जाहीर करावे आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे.

यादी चुकली की इमारतही चुकते. भाजीवाल्यांना पहिल्या मजल्यावर गाळे दिले तर दोन जुड्या तांबडी भाजी घ्यायला कोणी जिना चढत नाही. महिनाभरात गाळ्यात गोणी आणि विक्रेती परत रस्त्यावर. तळमजला मासळी, भाजी, फुले यांना, वरचा कपड्यांना, हा साधा हिशेब. मासळीला उतार असलेला ओटा, नळ आणि झाकलेले गटार एकाच जागी लागते, नाहीतर बर्फाचे पाणी वाटेत साचते.

राहिला पैसा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांखालच्या शहरांचे अनुदान असे विभागले: 40 टक्के खुले, 30 टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, 30 टक्के पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण आणि पुनर्वापरासाठी. लेखे ऑनलाइन प्रसिद्ध नसतील तर अनुदान अडते. गोव्यात नळाचे पाणी पालिका देतच नाही, राज्य सरकारचे खाते देते. मग पाण्याचे 30 टक्के खर्चायचे कशावर? विहिरी उपसून दुरुस्त करणे, शाळा-बाजाराच्या छपरांचे पाणी जिरवणे, अशी कामे आधी शोधून, मोजून तयार नसतील तर निधी पडून राहतो. जागेचेही तसेच. सभागृहासाठी कोणी जागा "देतो" म्हणाला तरी इथल्या नागरी कायद्यात सहसा पती-पत्नीचा अर्धा-अर्धा वाटा असतो. जोडीदाराची सही नाही, वारसांची इन्व्हेंटरी (न्यायालयातली वाटणी) झालेली नाही आणि एक वारस इंग्लंडातल्या स्विंडनला, अशी जागा अंदाजपत्रकात धरू नये.

वेळापत्रकही पाऊस ठरवतो. जून ते सप्टेंबर खोदकाम आणि डांबर बंद. ऑक्टोबरात काम सुरू करायचे तर एप्रिलमध्ये जागा मोजलेली हवी, मेमध्ये अंदाजपत्रक, चतुर्थीच्या सुट्यांआधी निविदा. जानेवारीत निधी आल्यावर फाइल उघडली तर कार्यादेश निघेपर्यंत मे उजाडतो आणि काम पुढच्या वर्षावर जाते, वाढलेल्या दराने.