‘जागरूक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

दुर्बिणीतून किडनी काढण्यावर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘चार भोकं पाडली की झालं, असं भासवून तुम्ही लोकांना फसवताय, डॉक्टरांनी किती दिले?’ शिवाय तुमच्या मेहुण्यांच्या वेळी ऐनवेळी पोट उघडावं लागलं, ते मी का लिहिलं नाही, आणि एका किडनीवर पुढे काय, असंही विचारलंय.

‘दोन-तीन दिवसांत घरी’ हे ठळक अक्षरांत टाकायला नको होतं, एवढं मान्य. काहींना चार दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. पण ‘किती दिले’ हे कुठल्या तोंडानं विचारलंत? मी माझ्या सख्ख्या भावाला किडनी दिली आहे. मला कोणी काही दिलं नाही, उलट माझीच एक वस्तू गेली.

आता तुमची ‘चार भोकं’. लेख पूर्ण वाचला असतात तर दुसऱ्याच परिच्छेदात दिसलं असतं. मुठीएवढी किडनी सेंटिमीटरभर छिद्रातून बाहेर येईल कशी? छिद्रांतून फक्त दुर्बीण आणि हत्यारं जातात. दात्याची किडनी दुसऱ्याला बसवायची असते, म्हणून ती अख्खीच काढावी लागते. बहुतेक वेळा ओटीपोटावर, सिझेरियनची असते साधारण तिथेच, पाच-सात सेंटिमीटरची आडवी चीर देतात आणि पिशवीत घालून किडनी बाहेर घेतात. माझ्या सलवारीची नाडी नेमकी त्या टाक्यांवर यायची, म्हणून घरी आल्यावर कितीतरी दिवस मी गाऊनवरच होते. हे सगळं ‘भासवणं’ का?

आणि दुखण्याबद्दल. जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं छाती आणि पोट यांच्यामधला पडदा चाळवतो आणि दुखतो मात्र खांदा. कापलंय पोट आणि कळ खांद्यात, पहिल्या रात्री मला वाटलं हृदयाचंच काहीतरी झालं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘गॅस आहे, उद्या चालायला लागलात की कमी होईल.’ झालाही, पण लगेच नाही. पोट फुगलेलं, शौचाला होत नाही, खोकताना उशी पोटाशी धरायची, महिना-दीड महिना जड उचलायचं नाही. हेही लेखात आहे, तुम्ही पाहिलं नाही.

बरं, दुर्बिणीचं कौतुक मी का करते? १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला सर्जन राल्फ क्लेमन यांनी अशी पहिली किडनी काढली, आणि दात्याची पहिली १९९५ मध्ये तिथल्याच बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निघाली. माझ्या आत्यानं मुलाला किडनी दिली ती जुन्या पद्धतीनं. कुशीत पुढून मागपर्यंत चीर, बरगडीचा तुकडाही काढलेला. ती बाजू आजही फुगलेली दिसते, पावसाळ्यात ठणकते. दिवाळीला अभ्यंगस्नानाआधी तिच्या पाठीला तेल लावताना माझा हात तिथे आपोआप हलका होतो. ज्यानं ते पाहिलंय तो दुर्बिणीला नावं ठेवणार नाही.

मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय की त्यांची किडनी खड्यांनी निकामी झाली होती. अशी किडनी आजूबाजूला चिकटलेली असू शकते. मग पोट उघडावं लागतं, त्यात सर्जनची हार नसते आणि संमतिपत्रावर ते आधीच लिहिलेलं असतं. सही करण्यापूर्वी वाचायचं असतं ते.

एका किडनीवर पुढे काय, हा वेगळ्या लेखाचा विषय. तोवर एवढंच: वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट काम करतेय का ते यावरून कळतं), लघवीतली प्रथिनं आणि बीपी तपासायचं, आणि अंग दुखलं की आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घ्यायची नाही.

मेहुण्यांना स्वतःचा अनुभव लिहायचा असेल तर मी तो इथे आनंदानं छापीन. मात्र खऱ्या नावानं. टोपणनावानं आलेल्या टोमण्यांना यापुढे उत्तर मिळणार नाही.