बाइंडिंगला गेलंय

परवा एफवायच्या पोरांना लायब्ररी ओरिएंटेशन दिलं. वर्षाला मिळतात चाळीस मिनिटं, त्यातली दहा हजेरीत गेली आणि पाच नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या, फायलीसाठी जिओटॅग फोटो काढण्यात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगवर, कसं शोधायचं, ३३१.८९२ या विषय-नंबराला संपावरची पुस्तकं असतात, शोधगंगेवर पीएचडीचे प्रबंध फुकट वाचता येतात, आणि कुठलाही संदर्भ दोन वेगळ्या ठिकाणी पडताळायचा, हे सगळं कोंबलं. घसा बसला.

संपल्यावर एक पोरगा काउंटरवर आला. प्रोजेक्ट १९८२ च्या गिरणी संपावर, हातात चॅटजीपीटीने दिलेली पुस्तकांची यादी. पहिल्याच पुस्तकाचं लेखक, प्रकाशक, पान १४७, सगळं कसं टापटीप. मी ओपॅक बघितलं, जगभरच्या लायब्रऱ्यांचा कॅटलॉग वर्ल्डकॅट बघितलं, आणि त्याला समजावलं की अरे, हे पुस्तकच नाहीये, एआय शब्दापुढे शब्द जोडत जातं आणि त्यात अशी खरी वाटणारी नावंही तयार होतात. पोरगा मान डोलवायला लागला होता हो! तेवढ्यात मागून आमचे शिपाईमामा, स्टुलावरून न उठता, "ते होय? बाइंडिंगला गेलंय."

"मामा, कुठलं पुस्तक म्हणताय?"

"ह्याला हवंय तेच. निळं. शिवण उसवली होती."

"अहो, ते कुणी छापलंच नाही!"

"मग उसवलं कसं?"

यावर माझ्या दोन्ही डिग्र्यांत उत्तर नाही. मामांचं जुनं धोरण आहे, जे सापडत नाही ते बाइंडिंगला. पोरगा मात्र खूश. "मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, दोन ठिकाणी क्रॉसचेक करा. झालं की!"

म्हणजे चॅटजीपीटी एक आणि मामा दोन. मी मधल्यामधे कोण?

बोलता बोलता कळलं की ह्याचे आजोबा परळच्या मिलमध्ये होते, संपात घरी बसले ते पुन्हा कामावर गेलेच नाहीत. म्हटलं, मग त्यांना विचारलंस का? तर म्हणे, "ते ऑथेंटिक सोर्स नाहीत ना मॅडम." आता ह्याला काय बोलणार, आणि उद्या स्टाफरूममध्ये हेच ऐकायचं की लायब्ररीवाले काही शिकवत नाहीत. चाळीस मिनिटांत, एकशेवीस पोरांना, एका प्रोजेक्टरवर, तोही निळा पडलेला.

संध्याकाळी रिझर्व्हेशनचं रजिस्टर उघडलं तर त्या पुस्तकाला चार जणांचा नंबर लागलेला. खोडायला पेन काढलं तर मामा म्हणाले, "राहू द्या मॅडम, नॅकवाल्यांना मागणी दिसते."