टीडीएस कापला, मग आणखी काय दाखवायचं?

विवरणपत्र भरायचे दिवस आले की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो. यंदा मावसभावाने सुरुवात केली: ‘एफडीच्या व्याजावर बँकेने आधीच १० टक्के कर (टीडीएस) कापलाय. मग ते पुन्हा रिटर्नमध्ये कशाला दाखवायचं? शेतकऱ्याला माफ, दुकानदार दाखवत नाही, मूर्ख काय ते आम्ही पगारदार.’ खाली अंगठ्यांची रांग.

ही रड मला ऐकवत नाही. पगारदार कर भरतो तो काही प्रामाणिक असतो म्हणून नाही. पैसा हातात पडायच्या आधीच कापला जातो, म्हणून भरतो. त्याची परीक्षा पगाराबाहेरच्या पैशात होते: व्याज, घरभाडं, शिकवण्यांची फी. आणि तिथे तो ज्या दुकानदाराला नावं ठेवतो, त्याच्याच पंगतीला जाऊन बसतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे १० टक्के कापले म्हणजे कर फिटला नाही. उरलेले २० कोण भरणार? हे लिहिलं, तर उत्तर आलं, ‘बँकेलाच सांग ना पूर्ण कापायला.’

मी राहतो तिथे, इकडे अमेरिकेत, वर्षभरात १० डॉलर व्याज दिलं तरी बँक त्याची नोंद असलेला १०९९ हा फॉर्म पाठवते, आणि तीच माहिती आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडेही जाते. एरवी व्याजातून एक सेंटही कापत नाहीत. आपणच दाखवायचं, आपणच भरायचं. हे मी ग्रुपवर जरा ऐटीतच टाकलं. आयआरएसचाच एक अंदाज मात्र टाकला नाही: पगारात न दाखवलेल्या रकमेचं प्रमाण जेमतेम १ टक्का, आणि ज्या उत्पन्नाची खबर दुसरं कुणी देत नाही, त्यात ५५ टक्क्यांच्या घरात. गटारं साफ करायला येणारा माणूसही कॅश असेल तर भाव कमी करतोच. म्हणजे इकडे कुणी हरिश्चंद्र नाही, फक्त चुगली करणारे कागद जास्त. तेही आता भारतात आलेच की. २०२१ पासून आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहितीपत्रकात बचत खात्याचं व्याज, लाभांश, फंडांची विक्री सगळं दिसतं. मावसभाऊ ते उघडून बघत नाही, एवढंच.

मग त्याने ठेवणीतलं वाक्य काढलं. ‘तू तिकडे भरतोस, इथलं तुला काय पडलंय?’

हे लागलं. कारण मी तिथेही भरतो. माझ्या एनआरओ खात्याच्या (अनिवासी भारतीयाच्या भारतातल्या पैशाचं खातं) व्याजावर ३० टक्के आणि वर सेस, तोही पहिल्या रुपयापासून. आई ‘मला कर लागत नाही, टीडीएस कापू नका’ असा अर्ज बँकेला देऊन मोकळी होते, मला तो चालत नाही. १२ लाखांपर्यंत शून्य कर म्हणून तिकडे पेढे वाटून झाले, ती सवलतही निवासींनाच. परदेशातून पाठवलेला पैसा ठेवायच्या एनआरई खात्याचं व्याज तिथे करमुक्त, इकडे पूर्ण करपात्र. बँकेच्या चकचकीत पत्रकात यातला दुसरा भाग नसतो. त्यात बँकेचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं आणि टेन-फॉर्टीला, म्हणजे इकडच्या विवरणपत्राला, हवं जानेवारी ते डिसेंबरचं. मग स्टेटमेंट उघडून ३१ मार्चचं व्याज, ३० जूनचं, सप्टेंबरचं, डिसेंबरचं असं एकेक वेचायचं आणि त्याचे डॉलर करायचे. त्याच्या शेड्यूल बी या जोडपत्राच्या तळाशी परदेशी खात्याच्या प्रश्नावर ‘होय’ची खूण करायची. मग एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेच्या ट्रेझरीला, अर्थखात्याला, कळवायचा वेगळा फॉर्म. बाबांच्या खात्यावर दुसरं नाव माझं आहे, म्हणून त्यातली वर्षातली सर्वांत मोठी शिल्लकही कळवायची, आणि ती अर्धी नाही, पूर्ण. बाबांचं पेन्शन कुठल्या खात्यात पडतं हे अमेरिकेच्या ट्रेझरीला ठाऊक आहे, आणि ट्रेझरीला ठाऊक आहे हे बाबांना नाही.

माझा कराचा हिशेब बघणारा इकडचा सीपीए (आपल्याकडच्या सीएसारखा) दर फेब्रुवारीत सांगतो, ही खाती बंद करा, व्याजापेक्षा माझी फी जास्त होते. हिशेब त्याचा बरोबर आहे. मी ‘बघतो’ म्हणतो आणि एफडीचं नूतनीकरण करून टाकतो. तिथे माझ्या नावावर घर नाही, मतदार यादीतलं नावही कधीचं गळलंय. दरवर्षी कुणी माझ्याकडे काही मागतं, ते फक्त आयकर खातं. तेही सोडलं, तर मावसभावाच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरणार नाही.