छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं तर: त्या मेसेजमध्ये काय चुकलंय

एक मेसेज बराच फिरतोय: ‘एका इंजिनाचं विमान इंजिन बंद पडताच दगडासारखं कोसळतं. उड्डाणानंतर असं झालं तर लगेच धावपट्टीकडे वळावं, नाहीतर हमरस्त्यावर उतरावं.’

‘दगडासारखं कोसळतं.’ विमानाला हवेत पंख धरतात. इंजिन देतं तो वेग, आणि तो उंची खर्चूनही मिळतो. कार्ब्युरेटरवाली (कार्ब्युरेटर म्हणजे हवेत इंधन मिसळणारा भाग) जुनी सेस्ना 172, म्हणजे एका इंजिनाचं छोटं विमान, साधारण 65 नॉटवर (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, सुमारे 1.85 किमी) धरली, तर वारा नसताना हजार फुटांमागे दीडेक सागरी मैल जाते. 3000 फुटांवरून टेकायला जवळपास चार मिनिटं मिळतात.

तेवढ्यात करण्यासारखं पुष्कळ असतं. आधी वेग, मग उतरायची जागा, मग बिघाड. फ्युएल सिलेक्टर (टाकी निवडायची कळ) भरलेल्या टाकीवर, मिक्श्चर रिच (हवेत इंधनाचं प्रमाण जास्त), मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे भाग) तपासायचे. बिघाड शोधताना कार्ब्युरेटर हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) मात्र सगळ्यांत आधी ओढावी, कारण ती उष्णता एक्झॉस्टमधून येते आणि इंजिन थांबलं की एक्झॉस्ट गार होत जातो. बाहेर 20 अंश असतानाही दमट हवेत कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो. हीट दिल्यावर बर्फ वितळून पाणी आत जातं आणि इंजिन आणखीच खडखडतं. इथेच घाबरून हीट बंद केली जाते. ती चालूच ठेवायची.

‘लगेच मागे वळावं.’ मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. 65 नॉटवर 30 अंश कलून अर्धं वर्तुळ घेतलं, तर विमान धावपट्टीच्या रेषेपासून सुमारे 400 मीटर बाजूला येतं. रेषेवर यायला आणखी वळावं लागतं, म्हणजे प्रत्यक्षात वळण 180 अंशांपेक्षा बरंच जास्त. उंची कमी पडतेय म्हणून 45 अंश कललं, तर स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) 19 टक्क्यांनी चढतो. त्यात उड्डाण वाऱ्याविरुद्ध झालेलं, म्हणून वारा आता पाठीमागून: जमीन भराभर सरकते, वेग पुरेसा वाटतो, हात नकळत नाक वर ओढतो आणि एक पंख खाली जातो. सावरायला खाली जागाच नसते. वळल्यावर किती उंची जाते हे त्या विमानात आधी सुरक्षित उंचीवर मोजलेलं नसेल, तर कमी उंचीवर समोरच, फार तर थोडं डावी-उजवीकडे उतरावं.

आणि टेकताना वारा समोरूनच हवा. 50 नॉटला टेकणाऱ्या विमानाचा जमिनीवरचा वेग 10 नॉट वाऱ्याविरुद्ध 40, वाऱ्यासोबत 60. धडकेची ऊर्जा सव्वादोन पट!

‘हमरस्त्यावर उतरावं.’ वरून रस्ता मोकळा दिसतो, तारा दिसत नाहीत. खांब दिसले तर तारा आहेतच असं धरायचं. शिवाय रस्त्यावर वाहनं. त्यापेक्षा कापणी झालेलं शेत बरं, सरींच्या दिशेने. शेत हमखास गाठणार अशी खात्री झाल्यावरच पूर्ण फ्लॅप (वेग कमी करायला पंखांच्या मागच्या कडेच्या खाली झुकणाऱ्या पट्ट्या), मग इंधन, मॅग्नेटो आणि शेवटी मास्टर स्विच (विमानाच्या विजेचं मुख्य बटण) बंद. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर शेवटी. टेकण्याआधी दारं किलकिली करून ठेवायची, चौकट वाकली तर ती अडकतात.