‘गेट’, ‘बार्मी’ आणि कानाची साक्ष

इंग्रजी शब्दांच्या मुळांवरच्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. फुलाचा आणि पिठाचा ‘फ्लावर’ हा मी एकच शब्द मानला, पण उत्तर इंग्लंडातल्या यॉर्क शहराच्या रस्त्यांच्या नावांतलं ‘गेट’ मात्र दरवाजाच्या ‘गेट’पासून तोडलं. म्हणजे मुळं सोयीनुसार जोडायची किंवा उपटायची, असा तुमचा आक्षेप. शिवाय ‘बार्मी’सारखे गावंढळ, बिघडलेले शब्द या चर्चेत आणायचेच कशाला, असंही तुम्ही विचारता.

आधी माझी चूक कबूल करतो. ‘बार्मी’ म्हणजे खुळा, आणि तो ‘बार्म’पासून, म्हणजे आंबणाऱ्या बिअरवरच्या फेसापासून आला, एवढंच मी लिहिलं होतं. ते अपुरं होतं. डोक्यात फेस उसळलेला, उतावळा, हा त्याचा जुना अर्थ खरा आहे. पण १८५० च्या सुमारास लंडनच्या बोलीत खुळ्याला ‘बामी’ म्हणू लागले होते. तो ‘बाम’वरून, म्हणजे सुगंधी मलमावरून आलेला वेगळाच शब्द, त्यातला ‘एल’ फक्त लिहिण्यापुरता. दक्षिण इंग्लंडात ‘बार्मी’मधला ‘आर’ही बोलताना गळतो. दोन्ही शब्द तोंडात एक झाले, आणि १८९० च्या दशकात ‘बार्मी’ हे रूप ‘खुळा’ या अर्थाने लिहिलं जाऊ लागलं. जिथे ‘आर’ स्पष्ट उच्चारतात त्या स्कॉटलंडात हे दोन शब्द आजही वेगळे ऐकू येतात. इथे काहीतरी निसटलंय असं तुम्हाला वाटलं, ते बरोबरच होतं.

निकषाच्या बाबतीत मात्र मी मागे हटणार नाही. आज कानाला काय ऐकू येतं यावर मूळ ठरत नाही, जुन्या रूपांवर ठरतं. ‘फ्लावर’ फ्रेंचमधून आला तो फूल या अर्थाने, आणि दळलेल्या धान्यातला सर्वांत उत्तम भाग म्हणजे त्याचं फूल. स्पेलिंगं फार उशिरा वेगळी झाली. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात पिठासाठी निराळं स्पेलिंग नाही. उलट कानाचा ‘इअर’ आणि कणसाचा ‘इअर’ आज अक्षरन्‌अक्षर सारखे, पण जर्मनमध्ये कान ‘ओर’ आणि कणीस ‘एरं’. आपली ‘ती मान’ संस्कृत ‘मन्या’वरून आली, ‘तो मान’ थेट संस्कृतातला. म्हणून कोणी त्यांना भावंडं म्हणत नाही.

आता यॉर्क. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी ते शहर घेतलं आणि त्यांच्या नॉर्स भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत. स्टोनगेट, पीटरगेट हे तिथले रस्ते. तटबंदीच्या वेशींना त्या शहरात ‘बार’ म्हणतात. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता, आणि त्याच्या टोकाशी आहे ती वेस मिकलगेट बार. ‘गेट’चा अर्थ दरवाजा धरला तर या नावाचं काय करायचं? कॉपरगेटमध्येही तांबं शोधू नका. लाकडी पेले कातणाऱ्या कारागिरांवरून ते नाव पडलं, आणि १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झालं तेव्हा लाकूड कातकामाचे अवशेष खरोखरच सापडले. मला हा पुरावा फार आवडतो: शब्दातून निघालेली गोष्ट मातीतून वर आली.

दरवाजाचा ‘गेट’ जुन्या इंग्रजीत ‘य’ने सुरू होई, साधारण ‘येआत’ असा. अनेकवचनात मात्र ‘ग’ होता. प्रमाण इंग्रजीने तो ‘ग’ उचलला आणि शब्द रस्त्याच्या ‘गेट’सारखा ऐकू येऊ लागला. स्कॉटलंडात जुन्या किल्ल्यांच्या लोखंडी फाटकाला ‘येट’ म्हणतात. तुम्ही त्याला बिघडलेलं रूप म्हणाल. मला ते जुनं, जपलेलं रूप दिसतं. प्रमाणभाषेने पुसलेला फरक त्यात शाबूत आहे, म्हणून बोलीतले शब्द मी मुद्दाम आणतो आणि पुढेही आणेन.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: उत्तर इंग्लंडातला ओढ्याचा ‘बेक’ आणि ‘बेक अँड कॉल’ (खुणेसरशी, हाकेसरशी हजर असणं) या वाक्प्रचारातला ‘बेक’ एकच का? नाही. ओढ्याचा ‘बेक’ नॉर्स ‘बेक्‌र’वरून आला आणि जर्मन ‘बाख’ त्याचा नातलग. दुसरा खुणेने बोलावण्याच्या ‘बेकन’ या क्रियापदाचं आखूड रूप आहे, आणि ते क्रियापद दीपखुणेच्या ‘बीकन’च्या कुळातलं.