मेथी निवडणारा बाप

आमच्याकडे आठवड्यातून चार दिवस मेथीची भाजी असते. घरात मेथी कुणालाच आवडत नाही. तरी असते, कारण चिरंजीव चौथीत आहेत.

गोष्ट सुरू होते सकाळी पावणेसातला. "बूट घाल, डबा घे, बाटली भर आणि खाली ये," असं म्हणून मी स्कूटर काढायला जातो. दहा मिनिटं वाट बघून वर आलो की साहेब एका पायात बूट घालून खिडकीपाशी उभे. "बाबा, मुंग्यांना डावं-उजवं कळतं का?"

चार सूचनांपैकी फक्त बूट पोचला होता, तोही निम्मा.

बालविकासतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की चिरंजीवांना एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि चुळबुळ आवरणं मेंदूला जड जातं; पण याचा अर्थ मुलाजवळ लक्षच नसतं असा नाही. लक्ष भरपूर असतं, पण ते हवं तिकडे वळवायचं सुकाणू ढिलं असतं. शिवाय सूचना टिपून ठेवायची डोक्यातली पाटी छोटी. चौथी ओळ लिहिली की पहिली पुसली जाते. म्हणून एका वेळी एकच सांगायचं. तेव्हापासून मी दारात एसटीच्या कंडक्टरसारखा उभा असतो. बूट! (थांबा.) दुसरा बूट! (थांबा.) डबा!

आईला हे पटलेलं नाही. "असलं काही नव्हतं आमच्या वेळी." मी म्हटलं, "अगं, १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती."

"मग सव्वाशे वर्षांत काय दिवे लावले?"

यावर उत्तर नव्हतं. हे बरंचसं आनुवंशिक असतं, असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. ते ऐकून बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं होतं. घरी आल्यावर आईनेच साक्ष दिली, "हा सातवीत दप्तर न घेता शाळेत गेला होता. मधल्या सुट्टीत लक्षात आलं त्याच्या." वर म्हणते, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

मग उपाय सुरू झाले. आधी भिंतीवर वेळापत्रक. ते रंगवायला चिरंजीव तीन तास जागचे हलले नाहीत, पाणीसुद्धा मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी वेळापत्रक गायब. चार दिवसांनी पलंगाखाली सापडलं तेव्हा त्याच्या मागच्या बाजूला अग्निबाण निघाला होता. अग्निबाण उत्तम होता, हे कबूल केलं पाहिजे.

पुढे टोमॅटो. फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला होता. पंचवीस मिनिटं काम, मग सुट्टी. आम्ही पंचवीसची दहा केली आणि घड्याळ आणलं. आत काय वाजतं ते बघायला चिरंजीवांनी ते दहाच्या आत खोललं. कंपासपेटी ज्या घरात आठवडाभर सापडत नव्हती, तिथे स्क्रू-ड्रायव्हर मात्र पहिल्या फटक्यात सापडला.

एका संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशी आल्या नाहीत, म्हणून मी त्याच्या शेजारी मेथी निवडत बसलो. काही बोललो नाही. अर्ध्या तासाने पाहतो तर अकरा गणितं झालेली! मी कुणालाही हाक मारली नाही. दृष्ट लागायची.

डॉक्टरीणबाईंना यात नवल वाटलं नाही. शेजारी कुणी मुकाट्याने आपलं काम करत बसलं की अशा बऱ्याच मुलांना कामात टिकून राहायला मदत होते म्हणे. पण काम कुठलं, हे आम्हालाच शोधावं लागलं. मोबाइल घेऊन बसलो तर दीड मिनिटात तो माझ्या मांडीवर. पेपर घेतला तर मागचं पान तो वाचणार आणि 'दिवाळं निघणं म्हणजे काय' हे मला विचारणार. मटार सोलायला घेतले तर वाटी भरेचना. लसूण लवकर संपतो. शेवटी मेथीच उरली. वेळखाऊ, कंटाळवाणी, आणि आमच्याकडे कच्ची कुणी खात नाही.

आता ऑफिसातून येताना मी जुडी घेऊनच येतो. इतिहास असेल तर एक, गणित असेल तर दोन. परवा गाडीवरच्या मावशींनी न विचारताच तीन जुड्या पिशवीत टाकल्या.

"घटक चाचणी ना?" त्या म्हणाल्या. "आमच्या नातवाचीपण आहे."