डाव्या पायावरची मगर

माझी जीन्स आता माझी राहिलेली नाही. तिच्या मागच्या खिशावर माझ्या भाचीची सही आहे आणि सही जिची, चित्र तिचं, असं ती बजावून सांगते. म्हणजे पाच हजारांची ब्रँडेड जीन्स मी घेतली, रंगकामाचे साडेतीन हजार, तेही 'फॅमिली रेट'ने, मीच मोजले, आणि आता बुडावर दुसऱ्याचं नाव घेऊन बडोदाभर मीच हिंडतोय.

भाची फाइन आर्ट्सला आहे. बडोद्यात हे फार कौतुकानं सांगू नये. ज्याच्या घरात फाइन आर्ट्सचं कुणी नाही, त्याच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं तरी असतंच. महागातल्या जीन्स आणि जॅकेटांवर चित्रं काढून द्यायचं काम हल्ली ती करते. "मामा, कोरी जीन्स घालतोस? शी!" म्हणाली आणि घेऊन गेली. परत आली तेव्हा डाव्या पायावर विश्वामित्रीतली मगर चढत होती. शेपूट घोट्याशी, पोट नडगीवर, जबडा नेमका गुडघ्यावर. चाललो की आ वासतो, थांबलो की मिटतो.

सोबत सूचना. ॲक्रिलिकमध्ये टेक्सटाइल मीडियम मिसळलंय, आतून इस्त्री फिरवून रंग पक्का केलाय, तरी धुवायची ती उलटी करून, गार पाण्यात, आणि शक्यतो नाहीच. (बायकोचं यावरचं मत छापण्यासारखं नाही.) शिवाय मांडी घालून बसायचं नाही. कापडात लायक्रा आहे, ताणलं की रंगाला तडे जातात.

मगरीचं पोट तर तिनं रंगवलेलंच नाही. तिथं नुसता पॉलिश पेपर मारलाय. डेनिमच्या उभ्या धाग्यावर नीळ वरवरच बसते, गाभा पांढराच राहतो, म्हणून घासलं की पांढरं निघतं. हे ऐकायला छान आहे, पण चांगली पँट घासून जुनी करायचे पैसे आपण देतोय हे विसरायला होत नाही. मजुरांच्या पँटी फाटू नयेत म्हणून जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्यानं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले, आणि त्याचं लिव्हाय स्ट्रॉसबरोबर 1873 साली पेटंट घेतलं. आता तीच पँट विटवण्याचे कारखाने निघालेत. तुर्कस्तानात त्यासाठी कापडावर वाळूचा फवारा मारत. ती वाळू कामगारांच्या छातीत गेली, सिलिकोसिसनं माणसं मेली, तेव्हा 2009 मध्ये त्यांनी ते बंद केलं. कुणाची तरी मांडी फिकी दिसावी म्हणून! भाचीला सांगितलं तर म्हणाली, "मामा, मी हातानं घासते." वर त्याचे वेगळे पैसे लावलेले.

असो. परवा सूरसागरजवळ शेवउसळ खायला थांबलो. बाकडं रिकामं होतं, पण लायक्रा! म्हणून उभ्यानंच खात होतो. शेजारी एक सत्तरीपुढचे गृहस्थ होते. पांढरा शर्ट, हातात प्लेट, खिशाला पेन्सिल. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. सरळ वाकले.

"मराठी का?" त्यांनी गुडघ्याला विचारलं.

"हो," मी वरून म्हणालो.

"मी ड्रॉइंगचा मास्तर. रिटायर. पाय जरा स्टुलावर घ्या. हं. आता मला सांगा, उजेड कुठून येतोय?"

"उजेड?"

"वरून येतोय ना? डोक्यावर हायलाइट, शेपटीकडे अंधार. म्हणजे दिवा कुठे? तुमच्या खिशात?"

महिनाअखेरीला माझ्या खिशात किती उजेड असतो हे मी सांगणार होतो, पण ते माझ्याशी बोलतच नव्हते.

"आणि बोटं! मगरीला पुढच्या पायाला पाच, मागच्याला चार. इथे पुढेही चारच. पाचवं कुठे गेलं?"

"भाचीनं काढलंय. फाइन आर्ट्सला आहे."

"असं होय," ते म्हणाले. या दोन शब्दांत त्यांनी अख्खी फॅकल्टी निकालात काढली. "अहो, याच गावात कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी भिंती रंगवल्या. गंगावतरण बघा, मीरा बघा. आपल्या तांबेकर वाड्यात तर भिंतीला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. भिंती होत्या हो! आता पँटी." मग फार दुःखानं, "भिंत कुणी धुवायला टाकत नाही."

"ही पण टाकायची नाहीये," मी म्हणालो.

तोवर गर्दी जमली. गाडीवाला झारा हातात घेऊन बाहेर आला, "काका, मगर छे के घो?" घो म्हणजे घोरपड. एका पोरानं माझ्या गुडघ्याचा फोटो काढला, त्यात माझं डोकं यावं असं त्याला वाटलं नाही. एक बाई पंचांगातलं पल्लीपतन, म्हणजे अंगावर पाल पडल्याचं फळ, आठवू लागल्या. डाव्या पायावर म्हणजे प्रवास की धननाश, हे त्यांचं ठरेना. मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

"हलू नका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल काढली.

"अहो, अहो..."

"बोट नको का पाचवं? अर्धा मिनिट."

त्यांच्या एका हातात तरीनं काठोकाठ भरलेली प्लेट, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि गुडघ्याखाली मला भयंकर गुदगुल्या होतात. पाय उडाला. प्लेटमधली तरी मगरीच्या पाठीवरून ओघळत शेपटीपर्यंत गेली.

मी रुमाल काढला. "घासू नका!" मास्तर ओरडले. "पसरेल!" मग दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून त्यांनी बघितलं. "छान. खाली उष्ण रंग हवाच होता. आता शेपटीकडे नजर जाते."

सॉरी नाही, काही नाही. उरलेली उसळ शांतपणे संपवून ते गेले. माझ्या पायाशी ते इतकं बोलले, पण माझं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि हे मला डागापेक्षा जास्त लागलं.

भाचीकडे गेलो. म्हटलं, हे निघेल का? ती म्हणाली, हळदीचा पिवळा उन्हात उडेल, तेलाचं सांगता येत नाही. मी आवाज चढवला तर मलाच इतिहास ऐकवला, की 1973 मध्ये लिव्हायजनं रंगवलेल्या डेनिमची स्पर्धा घेतली होती आणि त्यातले कपडे म्युझियममधून फिरले. म्हटलं, म्युझियममधूनच ना? तिथे तरी वाढत नाहीत.

पण तिचं लक्ष नव्हतं. ती बोटाकडे बघत होती.

"मामा, ही लाइन कुणाची? हात काय तयार आहे! सरांचा नंबर घेतलास?"

"नाही."

"काय रे मामा तू!" मग डागावर नख फिरवत म्हणाली, "इथे मावळतीचा सूर्य करून देते. पाण्यात त्याचं प्रतिबिंब. आठशे."

"आणि बोट?"

"बोट तसंच ठेवणार. त्याचे मी घेत नाही, ते सरांचं आहे."